.४४ मॅग्नमसाठी गोळी कुठली घ्यावी? (टेक्ससमधलं रानडुक्कर, हाताने भरलेली काडतुसं)

वेळणेश्वरचा_नातू:

नमस्कार मंडळी. आधीच सांगून ठेवतो, शिकार टेक्ससमधली आहे, इथली नाही, तेव्हा लगेच कायदा काढून अंगावर येऊ नका. मी तिकडे अकरा वर्षं, ग्रीन कार्ड आहे, रिव्हॉल्व्हर रीतसर माझ्या नावावर. सध्या गणपतीला गावी आलोय, पाऊस नुसता ओततोय, रेंज फक्त ओटीच्या उजव्या खांबापाशी येते म्हणून तिथेच पाट घेऊन बसलोय आणि डोक्यात गेल्या फेब्रुवारीचं डुक्कर.

रिव्हॉल्व्हर रुगर सुपर ब्लॅकहॉक, .४४ मॅग्नम, साडेसात इंची नळी. काडतुसं दोन वर्षांपासून स्वतः भरतोय. फेब्रुवारीत एका ओळखीच्याच्या रँचवर साधारण पस्तीस यार्डावरून एका मोठ्या नर डुकराला खांद्यात गोळी मारली, २०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं माप) होलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेली, जोरात भरलेली. बार बरोबर जागी बसला हे दोघांनी बघितलं. डुक्कर एक गिरकी घेऊन झुडपात, आणि रक्ताचा थेंब नाही! दोन तास टॉर्च घेऊन शोधला तेव्हा मिळाला, आणि सोलताना बघितलं तर गोळी खांद्याच्या त्या जाड चामडीतच अडकलेली, उमलून अगदी वाळलेल्या कोकमाच्या सालीसारखी झालेली. जनावर उगाच तडफडलं याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू.

आता दुकानात गेलं की २४० जॅकेटवाली (शिशावर तांब्याचं आवरण असलेली), ३०० जॅकेटवाली, हार्ड कास्ट शिशाची, तांब्याची, सगळं आहे आणि प्रत्येक डबीवर डुकराचं नाहीतर हरणाचं चित्र. मित्र म्हणतो सगळ्यात जड असेल ती घे, विषय संपला. खरंच एवढं सोपं आहे का? नोव्हेंबरात परत जायचंय रँचवर. कोणी स्वतः भरणारं असेल तर सांगा.

मालवणी_मसाला:

अरे मेल्या, तुका गोळी निवडूची आसा काय अमेरिकेची फुशारकी मारूची आसा? 😄 गंमत केली रे. पण एक शंका, रायफल का नाही? एवढ्या लांबून त्रास.

वेळणेश्वरचा_नातू:

रायफल आहे की. पण तिथे झुडूप इतकं दाट की चाळीस यार्डाच्या पुढे दिसतच नाही काही, आणि रिव्हॉल्व्हरने जवळ जाऊन करायची मजा वेगळी. फुशारकी थोडी आहेच, मान्य 😄

दापोली_ते_ह्यूस्टन:

मी गेली चौदा-पंधरा वर्षं हेच करतोय, आधी .४५ कोल्ट आणि मग .४४, त्यामुळे जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तुमच्या गोळीने काही चूक केली नाही, तिला जे काम दिलं ते तिचं नव्हतंच. २०० ग्रेनची होलो पॉइंट ही बहुतेक करून माणसापासून बचावासाठी बनवलेली असते, पातळ जॅकेट, लगेच उमलायचं. ती तुम्ही जोरात भरली म्हणजे वेग अजून वाढला आणि ती अजून लवकर फुटली. मोठ्या नराच्या खांद्यावर जी ढाल असते ना, कूर्चेसारखी चिवट, वयाबरोबर जाड होत जाते, तिच्यावरच तिची सगळी ताकद संपली. लोक काय करतात, गोळी आत गेली नाही की दारू वाढवतात. उलट आहे सगळं.

रिव्हॉल्व्हर आणि रायफल हा फरक डोक्यात पक्का बसवा. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी नळीतून निघते सेकंदाला साधारण १२०० ते १३५० फुटाने. साध्या शिकारी रायफलची गोळी त्याच्या दुपटीने जाते. रायफलमध्ये वेग काम करतो, गोळी उमलते आणि आजूबाजूचं सगळं फाटतं. रिव्हॉल्व्हरच्या वेगाला ते होत नाही, मग तुमच्या हातात उरतं काय, तर भोकाची रुंदी आणि खोली. .४४ ची गोळी मुळातच .४२९-.४३० इंचाची, म्हणजे जवळपास ११ मिलिमीटर, न उमलता पण ती मोठंच भोक पाडते. म्हणून मोठ्या जनावराला मी एकच बघतो, आत एक भोक आणि पलीकडे एक भोक. पलीकडचं भोक नसेल तर रक्ताचा माग मिळत नाही, तुमचं तेच झालं.

आता गोळ्या. हरणाला (तिकडचं पांढऱ्या शेपटीचं) २४० ग्रेनची चांगली जॅकेटवाली, हॉर्नाडी एक्सटीपी घ्या उदाहरणार्थ, भरपूर झाली, बरगडीतून आरपार जाते. मध्यम डुकरीण असेल तरी चालते. मोठ्या नराला मी ३०० ग्रेनची जॅकेटवाली नाहीतर हार्ड कास्ट चपट्या तोंडाची वापरतो. पैसे जास्त घालायची तयारी असेल तर स्विफ्ट ए-फ्रेम येते, तिच्यात मध्ये तांब्याची आडवी भिंत असते, पुढचा भाग उमलतो आणि मागचा ढकलत राहतो, २८० आणि ३०० ग्रेनमध्ये मिळते. महाग आहे, सरावाला नाही परवडत.

तोंड चपटं असणं फार महत्त्वाचं आहे. गोल नाकाची शिशाची गोळी मांस बाजूला सारून निघून जाते, मागे भोक मिटल्यासारखं होतं. चपटं तोंड पुढे सगळं ठेचत जातं आणि सरळ जातं, हाडाला लागून वळत नाही सहसा. एल्मर कीथ म्हणून आयडाहोचा एक काऊबॉय-शिकारी होता, .४४ मॅग्नम १९५५ ला आलं त्याच्यामागे त्याचीच वर्षानुवर्षांची भुणभुण होती, त्याने केलेली गोळी अजून लोक ओततात. पुढे चपटं नाक आणि मागे धारदार खांदा. खांदा कागदावर गोल भोक पाडतो छान, पण जनावरात काम तोंडच करतं असं माझं मत.

मित्राला सांगा जड म्हणजे चांगली एवढं सोपं नाही. ३०० ग्रेनची गोळी लांब असते, पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) खोल बसते, आतली जागा कमी होते. २४० ची दारू तिच्याखाली घातली तर दाब कुठच्या कुठे जाईल. .४४ मॅग्नमची मर्यादा ३६,००० पीएसआय (दाबाचं माप) आहे, खेळायचा विषय नाही. ज्या गोळीचं पान काडतुसं भरायच्या पुस्तकात आहे तीच गोळी, तीच दारू, खालच्या आकड्यापासून सुरुवात. ग्रेनमध्ये किती दारू ते मी इथे लिहिणार नाही, कोणी विचारू पण नका.

ठासणी_राजापूर:

वाचून मजा वाटली आणि पोटात पण दुखलं. तुम्ही तिकडे डुकराला कुठली गोळी शोभेल ते निवडताय, आणि इकडे आमच्या मळ्यात परवा रात्री आठ-दहा डुकरं उतरली, पोटरीला आलेलं भात नांगरल्यासारखं करून गेली. माळ्यावर राखणीला बसलेलो, डबा वाजवला, फटाके लावले, एक एकुलगा (एकटा फिरणारा मोठा नर) तर माझ्याकडे बघत उभा, हललाच नाही. पंचनाम्याला येतो म्हणाले, आज सहावा दिवस.

आमच्याकडे आजोबांपासूनची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षण परवान्यावर. निवडणूक आली की नेऊन जमा करायची, मग परत आणायला दोन चकरा. तिचा उपयोग आवाज काढण्यापुरताच. १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद, ते बरोबरच आहे म्हणा, आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांनी भेकरं किती मारली ते ऐकलं तर बंद केली ते बरं झालं असंच वाटतं. पण डुकरांचं काहीतरी करा राव.

बाय द वे ठासणीत आम्ही पण हेच करायचो, आजोबा सांगायचे: दारू जास्त ठासली की छर्रा पांगतो, आणि मग डुक्कर जातं जखमी होऊन. तुमच्या कोकमाच्या सालीची गोष्ट वेगळी नाही.

हर्णै_बंदर:

शिशाची गोष्ट निघाली म्हणून बोलतो, बंदुकीतलं मला शष्प कळत नाही. आमच्याकडे जाळ्याची शिसं घरी ओतायची पद्धत होती, बाबा करायचे. दापोलीवाले म्हणतात ते हार्ड कास्ट म्हणजे नक्की काय? शिसं तर मऊच असतं. नवीन शिसं नखाने ओरखडलं की चकाकतं, दगडावर टाकलं की "थप्प" आवाज येतो. कडक कसं होतं ते?

दापोली_ते_ह्यूस्टन:

बरोबर पकडलंत. शुद्ध शिसं मऊच, कडकपणाच्या ब्रिनेल मापात ५ च्या आसपास. त्यात अँटिमनी आणि कथील घातलं की कडक होतं. जुनी गाड्यांच्या चाकाला लावायची वजनं साधारण १२, आणि छापखान्यातले जुने लिनोटाइपचे ठोकळे २२ पर्यंत जातात. ते दगडावर टाका, थप्प नाही, खणकन वाजतात. तुमच्या बाबांना आवाजावरून लगेच कळलं असतं.

पण लोक इथे फसतात. वाटतं जितकी कडक तितकी भारी. फार कडक गोळी मोठ्या हाडावर तडकू पण शकते, अँटिमनी जास्त झालं की ठिसूळपणा येतो. आणि दुसरं म्हणजे माप. गोळी नळीपेक्षा बारीक असेल तर गरम गॅस बाजूने निसटतो, शिसं वितळवून नळीत लेपतो. मऊ गोळी दाबाने जरा फुगून फट भरते, कडक फुगत नाही. म्हणजे कडक आणि बारीक अशी गोळी घेतली की दहा बारात नळी शिशाने माखली, मग घासत बसा रात्रभर.

म्हणून नातू, गोळी विकत घ्यायच्या आधी सिलिंडरची तोंडं मोजा. पुढून एकेका भोकातून गोळी बोटाने ढकलून बघा, थोडा जोर लावल्यावर सरकली तर मस्त. टपकन पडली तर बारीक आहे, .४३० ऐवजी .४३१ बघा. अडकली आणि हातोडी लागली तर भोकं लहान आहेत, माझ्या जुन्या .४५ ला हेच होतं, सहाही भोकं गनस्मिथकडून वाढवून घ्यावी लागली. त्याआधी दोन वर्षं मी गोळीलाच शिव्या देत होतो.

हर्णै_बंदर:

आवाजाचं एकदम पटलं. मग एक माझ्याकडून पण घ्या, जे कोणी घरी ओतणारे असतील त्यांना. पाणी जवळ नको. बाबांनी एकदा जुन्या जाळ्याची शिसं कापून थेट कढईत टाकली, वितळलेल्या शिशात. त्या शिसांना मधून दोरीचं भोक असतं, त्यात ओल राहिलेली समुद्राची. फट् करून अख्खी कढई उडाली, छपराच्या कौलाला खालून शिशाचे ठिपके चिकटले ते अजून आहेत, आणि बाबांच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत पांढरे डाग होते शेवटपर्यंत. जुनं शिसं आधी कढई थंड असतानाच घालायचं, सगळं एकत्र तापवायचं, हे त्यानंतर घरात ठरलं. पावसाळ्यात तर ओतायचंच नाही. आणि वारा असलेल्या जागी, परड्यात, पोरं लांब.

जुना_फौजी_चिपळूण:

सर्वांना रामराम. गोळी निवडणे हा एक भाग झाला. ती जागेवर राहते का, हे कोणी बोललेच नाही म्हणून लिहितो.

मोठ्या रिव्हॉल्व्हरचा धक्का जबर असतो. एक काडतूस उडाले की बाकीची पाच सिलिंडरमध्ये मागे झटका खातात, पुंगळी मागे जाते पण जड गोळी आहे तिथेच राहू पाहते. म्हणजे ती हळूहळू पुंगळीतून पुढे सरकते. तीन-चार बारानंतर तिचे नाक सिलिंडरच्या बाहेर येते आणि सिलिंडर फिरतच नाही. समोर जखमी डुक्कर आणि हातात लोखंडाचा ठोकळा. त्यामुळे गोळीला क्रिंपसाठी नीट खाच आहे का ते बघावे, आणि पुंगळीची कड त्या खाचेत घट्ट वळवावी. खाच नसलेली गुळगुळीत पिस्तुलाची गोळी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

तपासणी सोपी आहे. सहा भरा. सहाव्यावर मार्करची खूण करा आणि कॅलिपरने लांबी लिहून ठेवा. पाच उडवा. सहावे काढून परत मोजा. लांबी वाढली असेल तर ते काडतूस रानात न्यायचे नाही. जड गोळीला हे जास्त होते, हलक्या रिव्हॉल्व्हरला अजून जास्त.

आणि सराव. ३०० ग्रेन म्हणजे १९ ग्रॅमच्या वर. धक्का सहन न होऊन डोळे मिटून मारणारे मी खूप पाहिले. २४० ने खांद्यात लावणारा माणूस ३०० ने पोटात मारणाऱ्यापेक्षा बरा.

ठासणी_राजापूर:

साहेब, फौजी भाषेत एकदम दमदार 🙏 इथे आपल्याला असलं रिव्हॉल्व्हर मिळतं का हो? विचारायला काय.

जुना_फौजी_चिपळूण:

नाही. साध्या नागरिकाला परवान्यावर मिळते ते .३२ च्या आसपास, मोठे बोअर प्रतिबंधित. घरी काडतुसे भरणे हा विनापरवाना गुन्हाच आहे. आणि नातू, तुम्हाला एक सूचना: परत जाताना-येताना बॅगेचे कोपरे झटकून बघा. शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत सुटे भागही येतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाच्या बॅगेत विमानतळावर एक जिवंत काडतूस सापडले, रेंजवर गेला होता तीच बॅग घेऊन आला होता. पुढचे सात महिने तारखा. पुंगळीचे कीचेनसुद्धा तिकडेच ठेवा.

वेळणेश्वरचा_नातू:

बापरे, हे वाचून आत्ता उठलो आणि सगळी बॅग ओटीवर उलटी केली. काही नाही निघालं, फक्त एक जुनी पावती आणि मुलीचे क्रेयॉन. आई विचारतेय काय शोधतोस, काय सांगणार.

दोन प्रश्न राहिले. एक, तांब्याच्या गोळीबद्दल कोणी बोललं नाही. बायको मांसात शिसं नको म्हणते, मुलगी सहा वर्षांची आहे. दुसरं, हार्ड कास्ट आरपार जाणार म्हणजे पलीकडे कोण आहे ते पण बघायला हवं ना?

दापोली_ते_ह्यूस्टन:

दुसऱ्याचं आधी. शंभर टक्के. हार्ड कास्ट एका डुकरातून निघून मागच्या दुसऱ्यात जाऊ शकते, कळपात मारताना हे डोक्यात ठेवा, आणि कुत्रे सोडलेले असतील तर मी हार्ड कास्ट भरतच नाही. मागे मातीचा चढ असेल तरच बार.

तांब्याचं बायकोचं बरोबर आहे. जॅकेटवाली शिशाची गोळी फुटते तेव्हा बारीक कण मांसात लांबवर जातात, डोळ्याला दिसत नाहीत. कॅलिफोर्नियात तर जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, कोंडोर गिधाडं मेलेल्या जनावरातलं शिसं खाऊन मरायची म्हणून. बार्न्सची एक्सपीबी .४४ मध्ये २०० आणि २२५ ग्रेनमध्ये येते. आता तुम्ही म्हणाल २०० नेच तर फसलो. पण ही अख्खी तांब्याची, तुकडे होत नाहीत, पाकळ्या उमलतात आणि वजन जवळपास तेवढंच राहतं, त्यामुळे हलकी असून खोल जाते. ग्रेनचा आकडा एकटा बघून काही कळत नाही तो असा. फक्त तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाला गोळी लांब, पुंगळीत जास्त जागा खाते, शिशाच्या गोळीचं दारूचं माप हिला लावायचं नाही. बार्न्सचंच पान बघा.

हार्ड कास्ट पण फुटत नाही फारशी, पण शिसं ते शिसंच, भोकाच्या आजूबाजूचं मांस मी सढळ हाताने कापून टाकतो.

अजून एक, वाचणाऱ्यांत कोणी एच-१बी वर असेल तर: व्हिसावर असताना तिकडे बंदूक बाळगायला बंदी आहे, वैध शिकार लायसन्स असेल तर सूट मिळते. खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुक्कर मारायला टेक्ससमध्ये २०१९ पासून लायसन्स लागत नाही म्हणून लोक ते काढतच नाहीत, आणि मग या दुसऱ्या नियमात अडकतात. काढून ठेवा, फार महाग नाही.

मालवणी_मसाला:

माका फक्त एकच कळला, गोळी कोकमासारखी होता नये 😂

वेळणेश्वरचा_नातू:

😂 बरोबर.

मग मी असं ठरवतोय: तिकडे गेल्या गेल्या आधी सिलिंडरची भोकं बघतो. बार्न्स २२५ ची एक डबी आणि ३०० ची हार्ड कास्ट एक डबी, दोन्ही थोड्या थोड्या भरून बघतो, धक्का झेपला नाही तर ३०० सोडून देईन, इगो नाही. फौजी काकांची सहाव्या काडतुसाची तपासणी दोन्हीची करतो आणि कॅलिपरचे आकडे इथेच टाकतो.

राजापूरकर, पंचनामा झाला का हो?

ठासणी_राजापूर:

आले आज. दोन फोटो काढले, सही घेतली. कळप काल रात्री शेजारच्या मळ्यात होता.

वेळणेश्वरचा_नातू:

बघा. बरं, लाइट गेली आत्ताच, मोबाइल ११ टक्के. आरतीला बोलावतायत, निघतो.